परतीचं बटण

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, दार सरकलं, आतली न दिसणारी बाई ‘तिसरा मजला’ म्हणाली, मी आत शिरलो, आणि आधीपासून आत असलेल्या पाचव्या मजल्यावरच्या काकू छतातल्या जाळीकडे बघत म्हणाल्या, "काय रे, ही बाई टाकीत पडलीय का?" मी हसलो. म्हणजे चेहऱ्याने हसलो. काकूंना कल्पना नव्हती, पण त्या बाईला त्या जाळीत मीच बसवलं होतं. आमच्या इमारतीला नवी लिफ्ट आली ती ज्या कंपनीची, तिच्या घोषणांचं काम आमच्या स्टुडिओकडे होतं, आणि एका शांत आवाजाच्या शिक्षिकेकडून मी ते एका दुपारी करून घेतलं होतं. तिने तळमजल्यापासून चाळिसाव्या मजल्यापर्यंत सगळं म्हणून ठेवलं आहे. आमची इमारत सातमजली. म्हणजे गच्चीच्या वरचे तेहेतीस मजले उच्चारून तयार आहेत, फक्त बांधायचे राहिलेत. तर या बाईच्या आवाजाला मी एक लहानशी खोली दिली होती. नुसता कोरडा आवाज म्हणजे परक्या माणसाने कानाला तोंड लावून बोलल्यासारखं वाटतं, म्हणून त्याच्याभोवती थोड्या भिंती उभ्या कराव्या लागतात. तेच माझं काम. टाळी वाजवली की टाळी संपते, पण खोली लगेच संपत नाही. भिंती ती टाळी एकमेकींना सांगत बसतात, सांगता सांगता थकतात आणि मग गप्प होतात. त्या सांगण्याला रिव्हर्ब म्हणतात, आणि ते थकत जातं त्या भागाला आम्ही शेपूट म्हणतो. लिफ्टमधल्या बाईला मी सशाचं शेपूट दिलं होतं. निदान माझी तशी समजूत होती. ‘तळमजला,’ बाई म्हणाली. दार उघडलं, मी बाहेर पडलो. काकू पिशवी धरून आतच उभ्या. मी वळून बघितलं तर म्हणाल्या, बोलू दे की तिला पुरतं. आणि कुणाचं बोलणं अर्धवट टाकून निघणं बरं दिसत नाही तशा जरा थांबून मग बाहेर आल्या. मी कान देऊन ऐकत होतो. लिफ्टमध्ये काहीही नव्हतं. नुसता दिवा होता.

रस्त्यावर आल्यावर मी खिशातल्या किल्ल्या काढून उजव्या कानाशी वाजवल्या, मग डाव्या कानाशी. दोन्हीकडे किल्ल्या होत्या. मग हात लांब करून वाजवल्या आणि एक सायकलवाला मी त्याला बोलावतोय असं समजून थांबला. मी त्याला वेळ विचारली. बसच्या थांब्याकडे चालताना मी आवाजांची हजेरी घेत होतो: ट्रकचं इंजिन हजर, दुकानाचं शटर हजर, खोदकामाचं यंत्र हजर आणि नेहमीप्रमाणे वर्गात सगळ्यात मोठ्याने. चिमण्या गैरहजर. पण चिमण्या गेले काही महिने गैरहजरच होत्या आणि त्याचं खापर मी शहरावर फोडलं होतं. स्टुडिओत चहाच्या वेळी मी यावर एक छोटंसं भाषणसुद्धा दिलं होतं, मनोरे, सिमेंट, माणसाची हाव वगैरे. सगळ्यांनी मान हलवली होती. फक्त वहिनी म्हणाल्या होत्या की आपल्या एसीच्या खोक्यात तर घरटं आहे, दिवसभर डोकं उठवतात. तेव्हा मला वाटलं वहिनी विनोद करताहेत. वहिनी म्हणजे आमच्या स्टुडिओच्या मालकीणबाई. त्यांचे यजमान होते तोवर त्यांना सगळे दादा म्हणायचे, म्हणून या वहिनी; दादा गेले आणि स्टुडिओ वहिनींच्या हाती आला, पण वहिनी वहिनीच राहिल्या. वहिनी विनोद करत नाहीत. ही गोष्ट मला थांब्यावर आठवली आणि समोरून बस निघून गेली. तिने हॉर्न दिला होता म्हणे.

आमच्या घराण्यात कान चष्मा अडकवायला असतात. बाबांनी छापखान्यात उभी हयात काढली; यंत्रांनी त्यांच्याकडून कान मागून घेतले आणि बदल्यात निवृत्तीच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ दिलं, ज्याची टिकटिक त्यांना ऐकू येत नाही. कानात घालायचं यंत्र त्यांच्याकडे आहे. ते चष्म्याच्या जुन्या घरात असतं आणि पाहुणे आले की पदकासारखं बाहेर काढून दाखवलं जातं. का घालत नाही, असं विचारलं तर म्हणतात, त्यात सगळंच ऐकू येतं. त्याऐवजी बाबांकडे तीन उत्तरं आहेत. असं का. बरोबर आहे. बघू. जगातल्या कुठल्याही वाक्याला या तिन्हींपैकी एक बसतंच. मी लहानपणी खूप प्रयोग करून बघितले आहेत. बाबा, मी परीक्षेला बसलोच नाही. असं का. बाबा, मी संन्यास घेतोय. बघू. एकच गोष्ट ते कधी म्हणत नाहीत: ‘काय म्हणालास?’ त्यांचं म्हणणं, माणसाने एकदा ‘काय’ विचारलं की लोक त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागतात, दुसऱ्यांदा विचारलं की बोलायचेच थांबतात. आई गेली त्या दुपारी डॉक्टर दवाखान्याच्या बोळात आले आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी म्हणाले, आणि बाबा म्हणाले, "बरोबर आहे." मग ते वळून माझ्याकडे बघत राहिले, मी सांगेपर्यंत. त्या बोळाच्या भिंतींना फरशी होती वरपर्यंत, त्यामुळे माझं वाक्य मला दोनदा ऐकू आलं. बाबांना एकदा. पुढच्या बसमध्ये बसल्यावर शेजारच्या माणसाने मला काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "असं का." तो खिडकीकडे वळला. त्याने काय विचारलं होतं हे मला आजतागायत माहीत नाही.

स्टुडिओत पोचेपर्यंत मी स्वतःचा बचाव तयार केला होता. बचाव असा, की माझा रिव्हर्ब चोरीला जात होता. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण माझ्याकडे पुरावा होता. आमच्या मागच्या खोलीत लाकडी पेटीत दाराएवढा पोलादी पत्रा टांगलेला आहे. दादांनी तो कुठल्याशा बंद पडलेल्या रेडिओ केंद्रातून आणला, आणायला सहा माणसं लागली आणि त्यांतला एक अजून कमरेचं सांगतो. गाणाऱ्याचा आवाज तारेने त्या पत्र्याकडे पाठवायचा. पत्रा थरथरतो, आणि ती थरथर दुसऱ्या तारेने परत येते, आवाजाला तलम अस्तर लावून. याला प्लेट म्हणतात. रिव्हर्बचे बाकीही प्रकार आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. हॉल म्हणजे मोठ्या मनाचा नातेवाईक, सगळ्यांना सामावून घेतो आणि कुणाचंच धड ऐकू येत नाही, समूहगानाला बरा. स्प्रिंग गिटारला, तिला जरा धक्का लागला की भांड्यांचं कपाट पडल्यासारखी बोंबलते. ड्रमला देतात तो मध्येच तोडलेला, मोठ्या खोलीचं दार धाडकन लावल्यासारखा. नाटकातल्या भुतांना उलटा: आधी शेपूट, मग भूत. जाहिरातीला आणि लिफ्टला छोटी खोली. पण एकट्या माणसाच्या गळ्याला प्लेट, त्यात वाद नाही. पत्र्यातून काय परत घ्यायचं आणि किती, ते ठरवणारं माझ्या टेबलावर एक बटण आहे, काळं, कडेला पांढरी रेघ असलेलं. परतीचं बटण. उन्हाळ्यापासून कधीतरी असं व्हायला लागलं की संध्याकाळी काम संपवून मी ते जिथे ठेवून जायचो तिथे ते सकाळी नसायचं. खाली आलेलं असायचं. मी पेन्सिलने खूण केली. सकाळी रेघ खुणेच्या खाली. दुसरी खूण केली, तीही ओलांडलेली. छोट्या खोलीचं बटणही तसंच, हॉलचंही तसंच.

संशय अर्थातच वाळवंटावर. वाळवंट म्हणजे दुसऱ्या पाळीतला ध्वनिमुद्रक. त्याला कोरडे आवाज आवडतात, त्याचं चाललं तर तो समूहगानसुद्धा फोनवरून केल्यासारखं करील, म्हणून हे नाव. मी भांडलो नाही. मी त्याहून हुशारी केली: चोराचा वाटा धरून जास्त घालायला लागलो. चोर एक घर खाली आणतो ना, मग मी एक घर वर ठेवून जायचो. तो दोन घरं खाली आणायला लागला. मी तीन वर. कित्येक आठवडे असा आमचा अबोल व्यवहार चालू होता आणि गिऱ्हाइकांकडे जाणारं काम नेहमी झकास असायचं, त्यामुळे मला माझ्या हिशेबाचा अभिमान वाटू लागला होता. आणि लिफ्टचं काम, ते मी सुटीच्या दिवशी एकटा असताना पुरं केलं, कंपनीचा माणूस दारात उभा होता, तयार झालं तसं त्याच्या हातात दिलं. रात्रभर ते टेबलावर राहिलंच नाही. चोराला संधीच मिळाली नाही. म्हणजे चोराचा वाटा त्या बाईला चिकटून तसाच राहिला आणि आता ती टाकीत पडल्यासारखी बोलते. बस्स. कानांचा काही संबंध नाही. हा बचाव मला इतका आवडला की स्टुडिओच्या दारात पाय पुसताना मी शीळ घालत होतो. पण पाय पुसून होईस्तोवर त्यातलं भोक दिसलं. चोराचा वाटा लिफ्टमध्ये होता, तर तो मला का ऐकू आला नाही?

वाळवंट बाहेर बाकावर बसून तारांची वेटोळी करत होता. मी त्याला सरळच विचारलं की माझ्या बटणांना हात का लावतोस. तो तार गुंडाळतच राहिला. मग म्हणाला, "तुझ्या टेबलाला हात लावायची मला बंदी आहे. वहिनींनीच घातलीय, उन्हाळ्यापासून." मी म्हणालो, मग कोण लावतं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला त्याच्याच घराचा पत्ता विचारतोय. वहिनी सकाळी सगळ्यांच्या आधी येतात, म्हणाला, तुझं सगळं एकदा ऐकतात, जरा आवरतात आणि मग गिऱ्हाइकाकडे पाठवतात. जरा आवरतात, हा शब्द त्याने घरात पसारा करणाऱ्या मुलाबद्दल बोलावं तसा वापरला. मी विचारलं, तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं? "तू गेले काही महिने सगळ्यांना न्हाणीघरात नेऊन गायला लावतोयस," तो म्हणाला, "आम्हाला वाटलं तुझी शैली आहे." त्याच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. तेच जास्त लागलं. वर एसीच्या खोक्याकडे मी बघितलं. एक चिमणी काडी घेऊन आली, चोच उघडली, मिटली, परत उघडली. मूकपटातल्या बाईसारखी.

आत जाऊन मी दार लावलं आणि पत्र्याला एक टाळी पाठवली. टेबलावर एक काटा असतो, आवाज असेतो हलणारा. टाळी गेली, परत आली, तलम, चंदेरी, आणि संपली. काटा हलत होता. मी काट्यावर टिचकी मारली. तो थोडा दचकला आणि पुन्हा आपला हलत राहिला, हळूहळू खाली झुकत, अगदी खरा, जणू त्याला कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि तो मान डोलावत होता. मी दुसरी टाळी पाठवली. तेच. मी काट्याला म्हणालो की तू बिघडलायस. मग मागच्या खोलीत जाऊन पेटीचं झाकण उघडलं, पत्र्यावर बोटाच्या पेराने टक केलं आणि आवाज संपल्यावर तळहात ठेवला. पत्रा थरथरत होता. थंड होता आणि थरथरत होता, तापात असलेल्या जनावरासारखा, आणि माझ्या कानांत मागच्या खोलीची शांतता होती. हाताला ऐकू येत होतं, मला येत नव्हतं. किती गंमत, मी ज्याला शांतता म्हणत होतो ती इतकी भरलेली होती. आणि मला दुसरं काही येत नाही. मी शाळेत नापास, गाण्यात बेसूर, हिशेबात कसा आहे ते वर आलंच आहे. मला फक्त एकच गोष्ट येत होती, आवाज कुठे संपतो ते. आणि आज मावशी येणार होत्या.

मावशी म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या गायिका. त्या कुणाच्या मावशी हे कुणालाच माहीत नाही. गाणं आदल्या दिवशीच गाऊन झालं होतं, स्वतः लिहिलेलं, घराची एकेक खिडकी लावत जाणाऱ्या बाईचं; शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि त्यांचा एकटीचा लांब आकार, नुसता ‘आ’, उरतो आणि मग तोही थांबतो. त्यापुढे काही नाही. म्हणजे शेपूट तिथे अगदी उघडं पडणार, झाकायला एक तंबोरासुद्धा नाही. बाकी सगळी कामं वहिनी दुसऱ्या सकाळी आवरू शकत होत्या, हे नाही, कारण मावशींची अट होती की आवाज मिसळायचे ते त्यांच्या समोर, त्या खुर्चीत बसून ऐकणार, आणि पुरं झालं की तिथल्या तिथे घेऊन जाणार. मागे एकदा कुठेतरी त्यांना न विचारता कुणी त्यांच्या गाण्यात एवढा मोठा हॉल घातला होता की त्यांच्या भाचीने फोन करून, तुम्ही बऱ्या आहात ना, विचारलं होतं. अच्छा, म्हणजे भाची आहे तर, असं मला तेव्हा वाटलं होतं. काल जाताना त्या माझा कान धरून, खरोखरच धरून, म्हणाल्या होत्या, "मला मेल्यासारखं ऐकू यायचं नाही हं. ते लोक नंतर करतीलच."

त्या आल्या. वहिनी त्यांच्याबरोबर आत आल्या आणि माझ्या डाव्या बाजूला बसल्या. पंखा बंद केला, कारण ऐकताना आम्ही पंखा लावत नाही. खोली हळूहळू तापायला लागली. मी गाणं सुरू केलं आणि बटणांवर हात ठेवले, जुन्या सवयीने अगदी रुबाबात. मी काय करत होतो ते आता सांगायला हरकत नाही: मी डोळ्यांनी ऐकत होतो. काट्याकडे बघत होतो. काचेत वहिनींचं प्रतिबिंब होतं, तिकडे बघत होतो. त्यांची भुवई हलली की बटण थोडं खाली. पण भुवई काही मापाची नसते, एखादी माशी बसली तरी हलते, आणि काटा किती ते सांगतो, कसं ते सांगत नाही. शेवटचा आकार आला. संपला, आणि माझ्या लेखी त्याच्या मागे काहीच नव्हतं. उघडंबोडकं गाणं भिंतीवर आपटून पडल्यासारखं झालं. माझा हात आपोआप परतीच्या बटणाकडे गेला. मागे घेतलं, पुन्हा लावलं, बटण वर. अजून नाही. अजून वर. आता कुठे जरा चंदेरी कड दिसायला लागली, ऐकू यायला लागली म्हणतो मी, आणि मी समाधानाने मागे वळून बघितलं तर मावशींचा चेहरा आपल्याच शोकसभेला वेळेवर पोचलेल्या माणसाचा होता. त्यांनी हळूच काहीतरी विचारलं. ओठ हलले. मी म्हणालो, "बरोबर आहे."

ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला बाबांचा आवाज ऐकू आला, तो मात्र अगदी स्वच्छ. दवाखान्याचा बोळ, वरपर्यंत फरशी, आणि वळून माझ्याकडे बघणारा तो चेहरा. मावशी वहिनींकडे बघत होत्या. नंतर कळलं, त्यांनी विचारलं होतं, तू मला जिवंतपणी पुरणार आहेस का. आणि मी बरोबर आहे म्हणालो होतो. वहिनींचा हात परतीच्या बटणाकडे निघाला होता, सकाळच्या सवयीचा हात, आणि अर्ध्या वाटेत थांबला होता. मला दिसलं की त्या हाताने बटण खाली केलं की सगळं निभावतं. मावशी गाणं घेऊन जातील, मी उद्या येईन, परवा येईन, वहिनी सकाळी आवरत राहतील, मी जास्त घालत राहीन, आणि एक दिवस मला चष्म्याचं जुनं घर मिळेल. वहिनींनी हात पुढे नेला नाही. रस्सीखेचीत ओढणारा माणूस आपल्या बाजूने सोडून देतो आणि दोर नुसता मधे लोंबतो, तसं ते बटण आमच्या दोघांच्या मधे होतं. एखादा विनोद सुचला तर बरं होईल असं मला वाटत होतं, आणि एकही सुचत नव्हता.

"वहिनी, मला शेपूट ऐकू येत नाहीये," मी म्हणालो. माझ्या आवाजाला त्या खोलीने काहीच दिलं नाही. आमची ऐकायची खोली तशीच बांधलेली आहे, भिंतींना कापूस. वाक्य पडलं तिथेच राहिलं. वहिनी म्हणाल्या, "मला वाटत होतं तूच कधीतरी सांगशील." मी विचारलं, तुम्ही का नाही सांगितलंत. तर म्हणाल्या, "कसं सांगू? हळू सांगितलं तर तुला ऐकू येणार नाही, आणि मोठ्याने सांगायची गोष्ट आहे का ती?" वहिनींनी केलेला हा पहिला विनोद असावा, त्यांचे डोळे पाण्याने भरले होते, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. मग त्यांनी एवढंच सांगितलं की दादांच्या मित्राचा मुलगा कानांचा डॉक्टर आहे, आणि तू यायचंस, बघू म्हणायचं नाहीस. मी विचार करत होतो की माझी तिन्ही उत्तरं यांना कधीपासून पाठ आहेत. मावशी एवढा वेळ पदराने वारा घेत बसल्या होत्या. त्या खुर्ची पुढे ओढून टेबलाजवळ आल्या. पुढचं सगळं त्या मोठ्याने आणि सुटं सुटं बोलल्या, पण लहान मुलाशी बोलतात तसं नाही. लांबच्या माणसाला हाक मारतात तसं. "मी बोट वर करते. ऐकू येतंय तोवर वर. संपलं की खाली. तू बोटाकडे बघ आणि तुझं ते बटण फिरव. कळलं?"

मी शेवटचा आकार लावला. त्यांनी उजव्या हाताचं बोट वर केलं, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखं. आकार संपला. माझ्यासाठी गाणं संपलं, खिडकी लागली, घर बंद झालं. बोट वरच होतं. मी बघत होतो. सुरकुतलेलं बोट, टोकाशी किंचित थरथरणारं, आणि त्यांचे डोळे मिटलेले. वहिनीही मान कलती करून ऐकत होत्या. दोघीही एका खोलीत उभ्या होत्या आणि मी त्या खोलीच्या बंद दाराबाहेर, आत दिवा जळतोय हे फटीतून दिसत असल्यासारखा. इतका वेळ मी गाण्यातल्या त्या बिचारीला आत ठेवत होतो. मग बोट खाली आलं. मी बटण खाली केलं. पुन्हा आकार, पुन्हा माझ्यापुरती शांतता, पुन्हा बोट वर, जरा कमी वेळ. पुन्हा खाली. हळूहळू मला त्या बोटाची लय कळायला लागली, म्हणजे ते कसं पडतं: कधी एकदम, कधी हात थकल्यासारखं, आणि एकदा असं पडलं की पान सुटून पाण्यावर टेकावं. मावशींनी डोळे उघडले. वहिनींनी मान हलवली. पांढरी रेघ बघितली तर ती इतकी खाली होती की एरवी मी म्हणालो असतो, कुणीतरी सगळाच लुटून नेला. मी शेवटचं एकदा पहिल्यापासून लावलं. मला एक म्हातारी बाई ऐकू आली, जिवंत, कोरडी, खिडक्या लावत जाणारी, आणि तिच्याभोवती काहीच नव्हतं. ते ‘काहीच नाही’ मी नीट लावलेलं होतं, आणि ते बघायला मी बोटाकडे बघितलं.

गाणं संपलं, बोट टेकलं, आणि मग मावशी कपाळ पुसत हळूच काहीतरी म्हणाल्या. ओठ हलले, बास. काहीतरी मोठं असणार असं मला वाटलं, अशा वेळी माणसं मोठंच बोलतात. जिभेवर तिन्ही उत्तरं रांगेने येऊन उभी राहिली, घराण्याची, पिढीजात. त्यांतलं कुठलंही बसलं असतं. मी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "काय म्हणालात?" मी विचारलं.

"पंखा लाव म्हटलं," मावशी म्हणाल्या.

मी उठलो आणि पंखा लावला.